स्मार्ट दिवे घ्यायचेत, पण घरातल्या सहाही जणांना वापरता यायला हवेत

जुईचा_वेल | रविवार, रात्री १०:१२

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमचं रो-हाऊस आहे. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि सासू-सासऱ्यांची खोली, वर दोन बेडरूम आणि गच्ची. पंधरा वर्षांनी रंग काढतोय, पीओपीही थोडं बदलतोय. भिंती उघड्या आहेत तोवर दिव्यांचं काय ते ठरवून टाकायचं आहे. घरात सहा माणसं. सासूबाई ७४ वर्षांच्या, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. सासरे, आम्ही दोघं, दहावीतली मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा.

आत्ता घरात तीन स्मार्ट बल्ब आहेत, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे. टीव्हीमागची पट्टी तिसऱ्या कंपनीची. म्हणजे तीन अ‍ॅप, आणि तिन्ही नवऱ्याच्या फोनवर. तो गावाला गेला की आम्ही सगळे बटणावर.

गेल्या महिन्यात रात्री तीनच्या सुमाराला वीज गेली आणि पाच मिनिटांनी आली. आल्याबरोबर तिन्ही बल्ब पूर्ण पांढऱ्या उजेडात पेटले, त्यातला एक सासूबाईंच्या डोक्यावर. त्या दचकून उठल्या. "मला वाटलं, खोलीत कुणीतरी शिरलंय," म्हणाल्या. उठून त्यांनी बटण बंद केलं. सकाळी अ‍ॅपमध्ये तो बल्ब 'ऑफलाइन'. दुसऱ्या दिवशी त्यांनी साधा बल्ब लावून घेतला, आणि त्यांचं बरोबरच होतं.

तर प्रश्न असे आहेत. बल्ब स्मार्ट घ्यावेत की भिंतीवरची बटणं? वाय-फायवाले की झिग्बी? दुकानदार म्हणतो की खोक्यावर 'मॅटर' लिहिलेलं असलं की कुठल्याही कंपनीचं काहीही एकमेकांशी जुळतं. हे खरं का? एका ऑटोमेशनवाल्याने सगळ्या घराचं पावणेदोन लाखांचं कोटेशन दिलंय. तेवढी तयारी नाही, पण दर दोन वर्षांनी नवीन खरेदीही नको. शिवाय २०२७ च्या सिंहस्थाला आमच्याकडे पाहुण्यांची रीघ लागणार. आल्यागेल्या प्रत्येकाला अ‍ॅप कुठे देत बसू?

गंगापूररोडकर | रविवार, रात्री १०:२१

बटणं घ्या, बल्ब नकोत. कारणं जाणकार सांगतीलच. घरात म्हातारी माणसं आणि पोरं असली की भिंतीवरचं बटण दाबल्यावर दिवा लागलाच पाहिजे.

रंगछटा | रविवार, रात्री १०:४०

मला हे सरसकट पटत नाही. बटण दिवा लावतं आणि बंद करतं, त्यापलीकडे काही नाही. उजेड कसा हवा हे बल्बच्या हातात असतं. माझी मुलगी रात्री साडेदहापर्यंत अभ्यास करते. टेबलावर तिला ४००० केल्विनच्या आसपासचा स्वच्छ उजेड लागतो, आणि झोपायच्या आधी तासभर तोच दिवा २७०० वर, मंद. जुन्या पिवळ्या बल्बचा उजेड साधारण २७०० चा, आपल्या पांढऱ्या ट्यूबचा ६५०० चा. एकाच दिव्यातून दोन्ही हवे असतील तर बटण बदलून काय होणार?

बल्ब घेताना वॉट बघू नका, खोक्यावर ल्युमेन बघा. जुन्या ६० वॉटच्या बल्बचा उजेड साधारण ८०० ल्युमेन. सहज तुलना करता येते.

अंबडचा_पॅनलवाला | रविवार, रात्री ११:०५

जुईताई, मी वीस वर्षं अंबडला स्विचगिअरच्या कामात आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

स्मार्ट बल्बला चोवीस तास वीज लागते. त्याच्या पोटात छोटासा रेडिओ असतो, तो दिवा बंद असतानाही हुकूम ऐकायला जागा असतो. भिंतीवरचं बटण बंद केलं की दिव्याबरोबर रेडिओही बंद. तुमच्या सासूबाईंनी चुकीचं काहीच केलं नाही. आयुष्यभर जे केलं तेच केलं. चूक वस्तू निवडण्यात झाली.

म्हणून ज्या दिव्याचं बटण घरातलं कुणीही दाबणार, तिथे स्मार्टपणा बटणामागे ठेवा. तुमचं आहे तेच बटण राहू द्यायचं, आणि बोर्डाच्या डब्यात त्याच्या मागे काडेपेटीएवढं रिले मॉड्यूल बसवायचं. बटणही चालतं, फोनही चालतो. नेट बंद पडलं, राउटर जळाला, तरी बटण चालूच.

आता मुख्य अडचण न्यूट्रलची. मॉड्यूललाही जगायला वीज लागते, म्हणजे डब्यात फेज हवा तसा न्यूट्रलही हवा. आपल्याकडच्या वायरिंगमध्ये फेज बटणात येतो, तिथून दिव्याकडे जातो, आणि न्यूट्रल परस्पर वरून दिव्याला जोडलेला असतो. पण आपल्या बहुतेक बोर्डांवर एखादं तरी सॉकेट असतं आणि सॉकेटला न्यूट्रल लागतोच, म्हणून तिथे काम सोपं होतं. अडतं ते नुसत्या बटणांच्या बोर्डावर. जिन्याचा टू-वे (वरून-खालून दोन्हीकडून चालणारं बटण), बाथरूमबाहेरचा बोर्ड, गॅलरीचा. बिनान्यूट्रलचीही मॉड्यूल मिळतात. ती दिव्यातूनच थोडी वीज झिरपवून घेतात, आणि एलईडीचा भार इतका कमी असतो की दिवा लुकलुकायला लागतो. मग दिव्याला समांतर कपॅसिटर लावा, हे करा, ते करा. तुमच्या भिंती उघड्याच आहेत. आत्ताच वायरमनकडून प्रत्येक बोर्डात काळी वायर ओढून घ्या. रंग झाल्यावर हे काम परत होत नाही.

डबे बदलणार असाल तर खोल घ्या आणि प्लास्टिकचे घ्या. पत्र्याच्या डब्यात मॉड्यूलचा सिग्नल कोंडतो.

या रविवारी कागद-पेन घेऊन घरातला एकेक बोर्ड लिहून काढा: किती बटणं, सॉकेट आहे का, बटणावर कोणता दिवा, तो कोण लावतं. खरेदी त्याच्यानंतर.

पिन_की_आटे | रविवार, रात्री ११:१८

बल्ब घेण्याआधी घरातले होल्डर बघून घ्या. आपल्या घरांत बहुतेक पिनचे होल्डर, म्हणजे बी-२२. बरेच चांगले स्मार्ट बल्ब फक्त आट्याचे, म्हणजे ई-२७ मध्ये येतात. अ‍ॅडॉप्टर मिळतो, पण त्याने बल्ब इंचभर खाली येतो आणि झुंबराच्या काचेतून बाहेर डोकावतो.

देवळालीकर | सोमवार, सकाळी ७:५०

वरच्या मुद्द्याला आमचा अनुभव जोडतो. भाच्याने अमेरिकेतून कौतुकाने सहा स्मार्ट बल्ब आणले होते. आटे जवळपास सारखेच असल्यामुळे होल्डरमध्ये छान बसले. बटण दाबलं, फट्ट आवाज झाला, आणि जळक्या प्लास्टिकचा वास हॉलभर. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची, आणि बल्बवर बारीक अक्षरात '१२० व्होल्ट' लिहिलेलं आम्ही कुणीच वाचलं नव्हतं. पोराचा चेहरा इतका पडला की आईने त्याला जवळ घेऊन आधी शिरा खायला घातला.

त्याच बॅगेत एक झेड-वेव्हचं (ही आणखी एक बिनतारी पद्धत) बटणही होतं. तेही निरुपयोगी ठरलं, कारण अमेरिकेत झेड-वेव्ह ९०८ मेगाहर्ट्झवर चालतं आणि भारतात ८६५ वर. परदेशातून कुणी काही आणणार असेल तर आधी व्होल्ट आणि फ्रिक्वेन्सी विचारा.

शालिमारची_सई | सोमवार, सकाळी ९:३०

ज्यांच्या घरात कुणाचं नाव अलका आहे त्यांच्यासाठी सूचना: अलेक्साला हाक मारायचा शब्द बदलून 'इको' करता येतो. आमच्याकडे काकूंना चहाला हाक मारली की स्पीकर आधी ओ द्यायचा :)

कॅनडाकॉर्नर | सोमवार, दुपारी १:१५

मॅटरबद्दल सांगतो, कारण दुकानात या एका शब्दावर फार काही विकलं जातंय.

आधी रस्ते वेगळे करून बघू. वाय-फायचा बल्ब थेट तुमच्या राउटरशी बोलतो, वेगळा हब लागत नाही. मात्र बहुतेक बल्बना २.४ गिगाहर्ट्झचाच बँड कळतो. राउटरने २.४ आणि ५ एकाच नावाखाली ठेवले असतील तर जोडणी करताना बल्ब हट्टाला पेटतो. शिवाय नेटवाल्याने फुकट दिलेल्या राउटरवर फोन, टीव्ही, कॅमेरे मिळून वीस-पंचवीस वस्तू झाल्या की तो धापा टाकायला लागतो. निदान आमचा लागला.

झिग्बी ही वेगळी बिनतारी पद्धत, तिला हब, म्हणजे मधला डबा, लागतो. हब राउटरला जोडायचा, बल्ब हबला. फिलिप्स ह्यू २०१२ पासून याच पद्धतीवर चाललंय. अ‍ॅमेझॉनच्या चौथ्या पिढीच्या गोल इको स्पीकरमध्ये झिग्बीचा हब आतच आहे, छोट्या डॉटमध्ये नाही. हे खरेदीआधी बघा. तिसरा रस्ता थ्रेड. त्याचा रेडिओ झिग्बीसारखाच, मांडणी नव्या पद्धतीची. त्याला घरात 'बॉर्डर राउटर' लागतो, म्हणजे थ्रेडला घरच्या नेटवर्कशी जोडणारा दुवा, जो काही स्पीकरांत असतो.

मॅटर हा या तिघांसारखा रेडिओ नाही. ती भाषा आहे. पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. पूर्वी झिग्बी अलायन्स म्हणून ओळखली जाणारी संस्थाच आता कनेक्टिव्हिटी स्टँडर्ड्स अलायन्स या नावाने ती सांभाळते. अ‍ॅपल, गूगल, अ‍ॅमेझॉन, सॅमसंग सगळे त्यात आहेत. मॅटरचा बल्ब वाय-फायवर बोलत असेल किंवा थ्रेडवर. खोक्यावर तीन बाण आत वळल्यासारखं चिन्ह असतं, आणि त्याच्याजवळ वाय-फाय की थ्रेड हेही लिहिलेलं असतं. ते दुसरं वाचायला विसरू नका. थ्रेडचा बल्ब घेतला आणि घरात बॉर्डर राउटर नसेल तर बल्ब मुका.

दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं. मॅटरचा एकच बल्ब तुमच्याकडे गूगलमध्ये आणि मुलीच्या आयफोनवर अ‍ॅपलच्या होममध्ये, दोन्हीकडे एकाच वेळी जोडता येतो. चालू-बंद, मंद-प्रखर, रंग, हे सगळीकडे चालतं. कंपनीचे स्वतःचे खास खेळ, म्हणजे गाण्याच्या तालावर नाचणारे रंग वगैरे, ते मात्र कंपनीच्या अ‍ॅपमध्येच राहतात. जुने झिग्बी बल्ब आपोआप मॅटरचे होत नाहीत, पण हबमार्फत येऊ शकतात. ह्यूच्या ब्रिजला २०२३ मध्ये ती सोय मिळाली.

एक काम जरूर करा: बल्ब छतात लावण्याआधी त्याच्यावरच्या मॅटरच्या कोडचा फोटो काढून ठेवा आणि फोटोवर खोलीचं नाव लिहा. कधी पुन्हा जोडायची वेळ आली की तो कोड लागतो. माझा एक कोड बारा फुटांवर पीओपीत आहे, आणि शिडी शेजाऱ्यांकडे.

वाड्यातला | सोमवार, संध्याकाळी ६:०५

आमचा पंचवटीतला वाडा. दोन-दोन फुटांच्या भिंती, मधे चौक. राउटर ओसरीवर, माजघरात वाय-फायची एक काडीही येत नाही. तिथे झिग्बीच कामाला आलं. कारण झिग्बीत सतत विजेवर असलेली प्रत्येक वस्तू निरोप पुढे ढकलते. हबचा निरोप ओसरीच्या बल्बला, त्याचा चौकातल्याला, त्याचा माजघरातल्याला. हळदीकुंकवाला एकमेकींकडून निरोप जातात तसं.

पण साखळीतली एक कडी निघाली की पुढचं सगळं तुटतं. दादा रोज झोपताना सवयीने चौकातला दिवा भिंतीवर बंद करायचे आणि माजघरातले दोन दिवे हरवायचे. आठवडाभर मी हबला दोष देत होतो. शेवटी चौकात बल्बऐवजी सॉकेटला झिग्बीचा प्लग लावून ठेवला, तो कुणी बंद करत नाही. तेव्हापासून साखळी शाबूत आहे. बॅटरीवरचे सेन्सर निरोप पुढे देत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

साधंचबरं | सोमवार, रात्री ८:२०

प्रामाणिकपणे विचारतो, हे सगळं कशाला? माझी आई दिवेलागणीला देवापाशी समई लावायची, मग एकेका खोलीत जाऊन दिवा. आम्ही जिथे असू तिथे 'शुभं करोति' म्हणायचो. त्या फेरीत ती प्रत्येक खोलीत डोकावायची, कोण काय करतंय ते बघायची. उजेड आपोआप झाला की ती फेरी संपली. बटणापर्यंत चार पावलं चालायला काय होतं?

द्राक्षवेल | सोमवार, रात्री ९:४८

काका, तुमचं मनापासून पटलं आणि तरीही लिहिते.

माझ्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही अस्पष्ट झालं. बटण पलंगापासून चार पावलांवरच होतं. रात्री जाग आली की ते अंधारात पडून राहायचे, आईची झोप मोडू नये म्हणून हाक मारायचे नाहीत. हे आम्हाला कितीतरी दिवसांनी कळलं.

आधी स्पीकर आणला. त्याला मराठी कळत नव्हतं, म्हणून हिंदीवर ठेवला आणि रूटीनला (एका शब्दावर ठरलेलं काम करायची सोय) 'दिवेलागण' आणि 'निजानीज' असे शब्द दिले. आई म्हणाली की बरोब्बर चालायचं. बाबांचं बोलणं मात्र त्याला समजेना. तीनदा, चारदा म्हणायचे आणि मग भिंतीकडे तोंड करून पडायचे. ते बघवत नव्हतं.

मग झिग्बीचं बॅटरीवरचं एक बटण मिळालं, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं. पलंगाच्या डाव्या कठड्याला चिकटवलं, त्यांच्या चालत्या हाताशी. पांढऱ्यावर पांढरं दिसेना, म्हणून आईने त्यावर स्वतःची मोठी लाल टिकली लावली. एकदा दाबलं की कोपऱ्यातला दिवा मंद, दोनदा दाबलं की मोठा. पहिल्या रात्री त्यांनी तो दिवा सात-आठ वेळा लावला आणि बंद केला. आई जागीच होती, पण बोलली नाही.

साधंचबरं | सोमवार, रात्री १०:३०

द्राक्षवेल, वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. माझे शब्द परत घेतो. बाबांना माझा नमस्कार सांगा.

अवांतर वाटलं तरी विचारतो, ते बटण कुठलं? माझ्या मोठ्या बहिणीला संधिवात आहे.

द्राक्षवेल | मंगळवार, सकाळी ७:१५

व्यक्तिगत निरोप पाठवलाय काका. घेताना तुमच्याकडचा हब झिग्बीचा आहे ना, तेवढं बघा.

मीटरचा_काटा | मंगळवार, सकाळी ११:००

ऐकत बसलेल्या या बल्बांमुळे बिल वाढतं का?

अंबडचा_पॅनलवाला | मंगळवार, दुपारी २:१०

वाढतं, पण घाबरण्याइतकं नाही. बंद असताना एक बल्ब साधारण अर्धा वॉट खातो असं धरा. वीस बल्ब म्हणजे १० वॉट, चोवीस तास, वर्षभर. सुमारे ८८ युनिट. महिन्याला सात-साडेसात. नको तिथे बल्ब न लावण्याचं हेही एक कारण. दोन बटणांच्या एका मॉड्यूलवर तुम्ही चार-चार पीओपीचे दिवे चालवता, तेव्हा ऐकणारा एकच असतो.

आणि बल्ब कुठलाही घ्या, स्मार्ट असो की साधा, त्यावर आयएस १६१०२ चा बीआयएस नोंदणी क्रमांक आहे का बघा.

रस्तोरस्ती | मंगळवार, दुपारी ३:३५

एम. जी. रोडला खरेदीला जाणार असाल तर सकाळी जा, दुकानदाराला खोकं उघडून दाखवायला वेळ असतो. आणि उपाशी जाऊ नका. वाटेत मिसळ खाऊन जा. काळ्या मसाल्याची घ्यायची की लाल, यावर दुसरा धागा काढा, इथे भांडणं नकोत :)

कॅनडाकॉर्नर | मंगळवार, रात्री ९:०५

मिसळीच्या आधी आणखी एक गोष्ट, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. दुकानात विचारा: "नेट बंद असताना घरातल्या घरात हे चालतं का?"

एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या अमेरिकी कंपनीचे सर्व्हर एका दिवशी न सांगता बंद झाले. लोकांच्या घरातली उपकरणं शाबूत, पण अ‍ॅप आणि वेळापत्रकं बंद. पुढे तिच्याच काही ग्राहकांनी ती कंपनी विकत घेऊन सर्व्हर परत चालू केले. त्याआधी २०१६ मध्ये रिव्हॉल्व्ह नावाचा हबही असाच बंद केला गेला होता. मॅटरमध्ये हुकूम घरातल्या घरात फिरतो, दूरच्या सर्व्हरवर जाऊन परत येत नाही. त्यासाठी मी मॅटर घ्या म्हणतो, खोक्यावरच्या चिन्हासाठी नाही.

ज्यांना हात काळे करायची आवड आहे त्यांनी होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर बघावं. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालतं, फुकट आहे आणि वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एका छताखाली आणतं. पण जुईताईंच्या घरी मी ते सुचवणार नाही. ते सांभाळणारा एक माणूस घरात लागतो, आणि तो गावाला गेला की पुन्हा तुमच्या नवऱ्याच्या फोनसारखीच गत.

जुईचा_वेल | पुढचा रविवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे खूप खूप आभार. द्राक्षवेल, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला.

पॅनलवाले दादा, तुम्ही सांगितलंत तसं आज वायरमनला बसवून बोर्ड लिहून काढले. एकूण अकरा. सात बोर्डांवर सॉकेट आहे, म्हणजे न्यूट्रल आहे. जिन्याच्या दोन्ही टोकांचे, वरच्या बाथरूमचा आणि गॅलरीचा, या चारांत नाही. त्या चौघांत उद्या काळी वायर ओढतोय.

एक शोध लागला. गॅलरीतला एलईडी बंद केल्यावरही रात्री काजव्यासारखा मंद जळायचा. आम्ही दोनदा बल्ब बदलला होता. वायरमनने बटण बंद ठेवून होल्डरला टेस्टर लावला, तर टेस्टर पेटला. पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी बटण फेजवर न घालता न्यूट्रलवर घातलं होतं. दिवा बंद दिसायचा, पण होल्डरमध्ये वीज तशीच. मी त्या होल्डरमधला बल्ब स्टुलावर चढून हाताने बदललाय. आज ते आधी दुरुस्त करून घेतलं.

"कोण लावतं" हा रकाना सगळ्यात उपयोगी पडला. लिहिताना लक्षात आलं की हॉलचा मोठा दिवा सासरे लावतात, जिन्याचा मुलगा, स्वयंपाकघराचा मी, आणि नवरा, ज्याच्या फोनवर सगळी अ‍ॅप, तो स्वतः फक्त टीव्हीमागची पट्टी लावतो.

ठरवलंय ते असं. हॉल, स्वयंपाकघर, जिना, गॅलरी आणि सासूबाईंची खोली इथे बटणामागे मॉड्यूल, मॅटरची, वाय-फायवरची. मुलीच्या टेबलावर आणि आमच्या खोलीत मिळून तीनच बल्ब, उजेडाची छटा बदलणारे, तेही मॅटरचेच. रंगछटा, तुमचं ऐकलं. जुने तीन बल्ब भावाला देऊन टाकले, तो एकटा राहतो आणि त्याला अ‍ॅपची हौस आहे.

प्रश्न उरलेत ते एवढेच: जिन्याच्या टू-वेला एक मॉड्यूल पुरेल का? आणि हॉलच्या पंख्यालाही लावू का?

अंबडचा_पॅनलवाला | रविवार, रात्री १०:००

फार छान काम केलंत. गॅलरीचं ऐकून अंगावर काटा आला, ते सापडलं हे बरं झालं. वाचणाऱ्या प्रत्येकाने बंद दिवा मंद जळत असेल तर आधी हे तपासावं. बटणातल्या बारीक इंडिकेटरमुळेही असं होतं, पण कारण कळेपर्यंत होल्डरला हात लावू नका. बल्ब बदलताना एमसीबी खाली.

जिन्याला एकच पुरेल. दोन्ही टू-वे बटणं मॉड्यूलच्या स्विचच्या टर्मिनलवर घ्यायची, आणि सेटिंगमध्ये 'बटणाची स्थिती बदलली की दिवा बदल' हा पर्याय निवडायचा. मग वरचं दाबा की खालचं, चालतं.

पंखा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) असेल तर वेग कमी-जास्त करणारं मॉड्यूल अजिबात लावू नका. त्याला रेग्युलेटर चालत नाही, त्याचं नियंत्रण त्याच्या पोटातच असतं.

आणि मॉड्यूल बसल्यावर पहिलं सेटिंग: 'वीज परत आल्यावर', तिथे 'बंद' किंवा 'आधीची स्थिती' निवडा. प्रत्येकाला वेगवेगळं करावं लागतं, कंटाळा करू नका. तीन वाजताचा प्रकार तिथेच मिटतो.

रंगछटा | रविवार, रात्री १०:१२

गॅलरीचा दिवा ठरावीक वाजता न लावता सूर्यास्तावर लावा. आपल्याकडे नोव्हेंबरच्या शेवटी सहाच्या आतच सूर्य मावळतो आणि जूनमध्ये सव्वासात होतात. वेळ लावून ठेवली तर दर महिन्याला बदलत बसाल.

जुईचा_वेल | दिवाळीनंतरचा मंगळवार, रात्री ११:४०

धागा वर काढतेय, कारण सांगायचं राहिलं होतं.

तीन आठवडे झाले. या काळात वीज चारदा गेली, एकदा मुद्दाम रात्रीच बघितलं, एकही दिवा आपोआप पेटला नाही. आकाशकंदील प्लगवर होता, सूर्यास्ताला लागायचा. भाऊबीजेला चौदा माणसं घरात होती, कुणीही 'दिवा कसा लावायचा' असं विचारलं नाही. नेट एक दिवसभर बंद होतं, ते मला संध्याकाळी मुलीने सांगितल्यावर कळलं.

एक चूक झाली. गॅलरीचा डबा पत्र्याचाच राहिला, तिथलं मॉड्यूल दिवसाआड हरवतं. डबा बदलायला वायरमन शनिवारी येतोय.

जिन्यात एक हालचालीचा सेन्सर लावला, खालच्या पायरीपासून हातभर उंचीवर, म्हणजे रात्री कुणी पहिल्या पायरीजवळ आलं की दिवा लागतो. परवा रात्री मी पाणी प्यायला उठले, तर सासूबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या. वर नातवाला ताप होता, त्याला बघायला निघाल्या होत्या. दिवा लागलेलाच होता, तरी त्यांनी भिंतीवर हात फिरवून बटण शोधलं आणि दाबलं. दिवा विझला. त्यांनी परत दाबलं, लागला. मग कठडा धरून एकेक पायरी चढल्या. मी खालूनच बघत होते. वर गेल्यावर तिथलं बटण दाबून त्यांनी दिवा घालवला आणि मला म्हणाल्या, "झोप आता, उतरलाय ताप."